मर्जी आणि इमान

बाल्दास्सारे कास्तिल्योने या इटालियन मुत्सद्द्याने दरबारी पुरुषाच्या लक्षणांवर लिहिलेला ग्रंथ १५२८ साली व्हेनिस येथे छापून निघाला. उर्बिनोच्या ड्यूकच्या वाड्यात १५०७ साली चार रात्री चाललेला संवाद अशी त्याची मांडणी असून, शस्त्रविद्या, अश्वारोहण, संगीत, चित्रकला, प्राचीन भाषांचे ज्ञान, मार्मिक संभाषण आणि या सर्वांवर कळस म्हणजे परिश्रम दिसू न देता सारे काही सहज साधल्याचा भास निर्माण करणारी शैली, हे गुण त्यात मोठ्या रसिकतेने वर्णिले आहेत. मात्र हे सारे गुण कशासाठी कमवावयाचे, याचे उत्तर चौथ्या रात्री येते: स्वामीची प्रीती संपादन करावी, आणि ती अशासाठी की त्याला अप्रिय असे सत्यही आपण त्याच्यासमोर निर्भयपणे मांडू शकावे. पहिल्या तीन रात्रींचे गुण लोकांनी आवडीने उचलले. चौथ्या रात्रीचे प्रयोजन मात्र बहुतेक दरबारांना मानवले नाही, आणि आमच्या आजच्या कचेऱ्यांनाही ते मानवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रयोजनाची उदाहरणे शोधण्यास रायगड जिल्ह्याच्या रहिवाशाला इटलीपर्यंत जावे लागत नाही. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका येथे अनेकांनी ऐकलेली असते. महाराजांनी सांगितलेला खलिता कामाच्या गर्दीत लिहावयाचा राहून गेला असता, बाळाजींनी कोरा कागद हाती धरून तो जणू लिहिलेलाच आहे अशा अस्खलित वाणीने वाचून दाखविला, आणि उलगडा होताच महाराज रागावण्याऐवजी प्रसन्न झाले, अशी ती कथा आहे. कास्तिल्योनेला हवी असलेली सहजता याहून निराळी ती काय असणार? राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांतील पद नाकारून त्यांनी आपल्या घराण्याकडे चिटणिशीच वंशपरंपरेने मागितली, असे बखर सांगते; मानापेक्षा काम मोठे मानणाऱ्या माणसाचीच ती मागणी आहे. आणि तरीही १६८१ साली, रोहे व पेण या दोन्ही तालुक्यांना लागून असलेल्या सुधागडाच्या परिसरात, औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर पालीनजीक धोंडसे येथे आश्रयाला असताना, त्याच्याशी संधान बांधल्याच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो आदी मुत्सद्द्यांबरोबर बाळाजी व त्यांचा थोरला मुलगा यांना संभाजी महाराजांनी देहान्ताची शिक्षा दिली. त्या कटात बाळाजींचा हात कितपत होता याविषयी मतभेद आहेत. येसूबाईंनी या शिक्षेबद्दल महाराजांना खडसावले, असे परंपरा मानते. आणि दरबारातील एकाही पुरुषाचे असे धाडस त्या परंपरेने नोंदविलेले नसावे, ही गोष्ट मला विलक्षण अस्वस्थ करते.

बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ याच दरबारात राहिला. पित्याचा व बंधूचा प्राण घेणाऱ्या धन्याची चिटणिशी त्याने केली, पुढे राजाराम महाराजांना जिंजीच्या वेढ्यातून सोडविण्यासाठी आपले दाभोळचे वतन शिर्क्यांना देऊन टाकले, असे बखरकार लिहितो. याला कोणी लाचारी म्हणेल. मला तसे वाटत नाही. लाचार मनुष्य वतन घेतो, ते सोडीत नाही. खंडो बल्लाळाचे इमान व्यक्तीशी नव्हते, राज्याशी होते. १७१५ च्या सुमाराच्या ज्या आज्ञापत्राचे कर्तृत्व रामचंद्रपंत अमात्यांकडे दिले जाते, त्यातही प्रधानाला राजारूपी हत्तीचा अंकुश मानले आहे. हत्ती अंकुश मानील की नाही हा प्रश्न अर्थातच वेगळा.

आधुनिक काळात या कसोटीला उतरलेला पुरुष रोह्याचाच आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला, वडील रोह्यात वकिली करीत. आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक, वनस्पतिशास्त्राचा अभ्यास, संस्कृतवर प्रभुत्व, मेघदूताचे मराठी भाषांतर आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरपद, इतका साज उर्बिनोच्या वाड्यातही शोभला असता. परंतु त्यांची खरी ओळख पटली ती १९५६ च्या जुलैत. कुलाबा मतदारसंघाचे खासदार व देशाचे अर्थमंत्री असताना, मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा मंत्रिमंडळाच्या रीतसर निर्णयाशिवाय झाली आणि मुंबईतील पोलिसी गोळीबारांची चौकशी नाकारली गेली, या कारणांनी त्यांनी राजीनामा दिला. आणि आपली कारणे लोकसभेत उभे राहून, ज्यांचा विश्वास आपण संपादिला होता त्या पंडित नेहरूंसमक्ष, मुद्देसूद सांगितली.

त्यांच्याच पिढीत, त्याच जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली विनोबा भावे जन्मले. विनोबांनी सत्य सत्तेच्या उंबरठ्याबाहेर राहून सांगितले. तो मार्ग श्रेष्ठ असेलही, तथापि सत्तेच्या आत बसून, रोजची मर्जी, बढती व बदली पणाला लावून ते सांगणे मला अधिक कठीण वाटते.

म्हणूनच आमच्या तहसील कचेऱ्यांपासून मंत्रालयापर्यंतच्या अंमलदारांकडून माझी अपेक्षा साधी आहे. वरिष्ठांचे आदेश सामान्यतः लेखी असावेत, असे अखिल भारतीय सेवांचे १९६८ चे आचरण नियम सांगतात. तरी तोंडी फर्माने सुटतात आणि नम्र, सुशिक्षित, उत्तम मराठी लिहिणारे अधिकारी ती मुकाट्याने अमलात आणतात. पूररेषेतील जमिनीची बिनशेती परवानगी असो वा खाडीकाठच्या भरावाचा प्रस्ताव, ज्याला तो अयोग्य वाटतो त्याने टिपणीत आपले मत कारणांसह लिहावे. वरिष्ठाला ते फिरवावयाचे असेल तर त्याने खुशाल फिरवावे, मात्र आपल्या शेऱ्याने आणि आपल्या सहीने. आणि असे मत लिहिणाऱ्याची बदली झाली, तर तिची कारणे दफ्तरात नोंदविण्याची सक्ती सरकारने करावी, आणि ती नोंद मागणाऱ्या कोणत्याही नागरिकाला दाखविली जावी.