नलकूबर चीनहून परतला

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या पार्से गावी पावसाने धार धरली होती, म्हणून मधल्या सुटीत मुले वर्गातच बसली होती. त्यांतील एक चुणचुणीत मुलगा मामाच्या मोबाईलवर पाहिलेल्या चिनी चित्रपटाची कथा रंगवून सांगत होता. नायक नेझा नावाचा व्रात्य पोर. पायांखाली अग्निचक्रे, हाती भाला, आणि झुंज समुद्रातल्या ड्रॅगनराजाशी! आम्ही दारातूनच म्हणालो, "अरे, परक्यांच्या कथा कसल्या सांगतोस? आपल्या पुराणांत काय थोड्या आहेत?" मुलगा मान खाली घालून गप्प बसला.

पुढे कुतूहलाने आम्ही शोध घेतला, आणि आमचेच बोल आमच्यावर उलटले. नेझाची कथा सोळाव्या शतकातील 'फेंगशेन यानयी' या चिनी कादंबरीत विस्ताराने आली आहे. शांघायच्या स्टुडिओने १९७९ साली तीवर हलत्या चित्रांचा चित्रपट काढला. त्यात ड्रॅगनराज सारा मुलूख बुडवू पाहतात, तेव्हा हा बालक लोकांसाठी स्वतःचा प्राण देतो. गुरू त्याला कमळातून नवा देह देतात. २०१९ मध्ये नवा 'नेझा' आला, आणि २०२५ च्या चिनी नववर्षाला आलेला त्याचा दुसरा भाग तर अशा चित्रपटांत जगात सर्वाधिक कमाईचा ठरला.

पण वाचकहो, हा नेझा मूळचा कोण? कुबेरपुत्र नलकूबर! बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले, त्यांबरोबर हे नावही गेले आणि झिजत झिजत 'नेझा' झाले. त्याचा पिता ली जिंग याच्या रूपात वैश्रवण, म्हणजे आपला कुबेरच आहे. मेइर शाहर या अभ्यासकांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात नेझामध्ये बालकृष्णाचाही अंश दाखविला आहे. ड्रॅगनशी झुंज म्हटली की कालियामर्दन आठवतेच. भागवताच्या दशम स्कंधात नारदांच्या शापाने वृक्ष झालेल्या नलकूबर-मणिग्रीवांना उखळाला बांधलेल्या कृष्णानेच मुक्त केले.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आपली चूक कबूल केली. तो मुलगा म्हणाला, "सर, मग आपला नलकूबर आम्हांला कोणी सांगितला का नाही?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतार रंगतो. पत्रादेवीची हद्द ओलांडून कुडाळच्या वाटेने गेले की पिंगुळी लागते. तेथील ठाकर मंडळी वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने एकेक रंगीत चित्र पुढे धरून रामायण-महाभारत सांगत आली. साधने दाराशी असूनही आम्ही मुलांना पुराणांचा केवळ अभिमान दिला, कथा दिलीच नाही. चिनी लोकांनी दुरून आलेला पाहुणा घरचा केला, पिढ्यान्‌पिढ्या नव्याने सांगितला. आपल्या गावापासून दूर नांदणाऱ्या घरांना तर हे अधिकच विचार करण्याजोगे आहे; तेथे कथा सांगायला ना जत्रा, ना शेजार, असतात ती घरचीच माणसे.

त्या शनिवारी आम्ही त्या मुलाला नेझाची अर्धी राहिलेली कथा पुरी करावयास लावली. मग उखळाची कथा आम्ही सांगितली. घंटा झाली, तरी कोणी उठले नाही.