पळसदेवचे पाणी आणि धर्मशिक्षणाचा वर्ग

इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे गाव अनेकांना उजनी जलाशयातील पळसनाथाच्या जुन्या मंदिरामुळे ठाऊक आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मंदिर उघडे पडते आणि ते पाहण्यास लोक येतात. परंतु या पाण्याखाली नांदती वस्तीही गेली, याचे स्मरण किती जणांना असते? भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठविणाऱ्या या धरणाने उसाचे मळे फुलविले. त्यासाठी काठच्या गावांनी आपली घरे आणि जमिनी सोडल्या. माध्यमिक शाळेतील आपल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात अशा विषयाला जागा आहे काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण आपल्याला परकी नाही. पोप तेरावे लिओ यांच्याच कारकिर्दीत, १८८६ साली, पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली आणि त्यांनीच १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्राद्वारे कामगारांच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न जगापुढे मांडला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी हे नाव स्वीकारताना याच विश्वपत्राचा आवर्जून उल्लेख केला. मधल्या काळात २००४ साली या शिकवणीचा सारग्रंथ प्रसिद्ध झाला, २०१५ साली ‘लाउदातो सी’ आले आणि २०१६ साली तरुणांसाठी ‘डोकॅट’ हे पुस्तक निघाले. ग्रंथांची वाण नाही. वाण आहे ती हे विचार नववी-दहावीच्या मुलांना कळतील अशा रीतीने मराठीत मांडण्याच्या साधनांची.

याचा दोष शिक्षकांवर टाकणे आम्हाला योग्य वाटत नाही. संस्कार, दहा आज्ञा, प्रार्थना हे विषय शिकविण्याची तयारी त्यांना मिळते. मजुरी, विस्थापन, पाणीवाटप यांवर बोलण्याची मिळत नाही. शिवाय विषय राजकारणाकडे वळेल ही भीती असते. एकाच बाकावर बागायतदाराचा मुलगा आणि मजुराची मुलगी बसलेली असेल, तर शिक्षकाने शब्द जपूनच वापरावे लागतात.

यावर एक जुना मार्ग आहे. बेल्जियमचे धर्मगुरू, पुढे कार्डिनल झालेले योसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांना तीन पायऱ्या शिकविल्या: पाहा, पारखा, कृती करा. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ साली ‘मातेर एत माजिस्त्रा’ या विश्वपत्रात ही पद्धत उचलून धरली. पळसदेवच्या परिसरात ती कशी वापरता येईल?

प्रथम पाहावे. गळीत हंगामात ऊसतोड मजूर बीड आणि अन्य जिल्ह्यांतून येथे येतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल श्रमाने फेडावी लागते आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. नंतर पारखावे. दिवस मावळण्यापूर्वी मजुराची मजुरी द्यावी, अशी जुन्या करारात आज्ञा आहे. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे दाद मागते, असे संत याकोब बजावतात. तेथे अन्याय मजुरी न देण्यात होता. येथे पैसा आधी दिला जातो आणि त्यानेच माणूस बांधला जातो. हा फरक मुलांनीच शोधून काढावा. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदाही त्यांना याच तासाला समजावून सांगता येईल. अशा चर्चेत कोणाच्या वडिलांवर बोट ठेवण्याची गरज नाही; विचार व्हावा तो व्यवस्थेचा.

दुसरा पाठ याच जलाशयाचा. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. धरणाचा लाभ दूरवर पोहोचतो. काठच्या माणसाला मात्र पलीकडे जाण्यासाठी बोटीत बसावे लागते. सर्वांच्या हिताचा भार काहींनीच किती काळ वाहावा? ‘सर्वसाधारण हित’ ही संज्ञा पाठ करण्यापेक्षा या प्रश्नाचे उत्तर शोधताना ती अधिक समजेल.

आपल्या शाळांत अन्यधर्मीय मुलेही शिकतात. शासनमान्य वा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणास बसविता येत नाही, असे संविधानाचे अठ्ठाविसावे कलम सांगते. ही मर्यादा आपण मनःपूर्वक पाळली पाहिजे. मात्र श्रमाची प्रतिष्ठा, दुर्बलांची बाजू आणि सृष्टीची निगा हे विषय मूल्यशिक्षणाच्या तासाला सर्वांपुढे मांडता येतात; त्यांचा सुवार्तेतील आधार कॅथलिक मुलांना त्यांच्या वर्गात सांगता येतो.

आमच्या तीन सूचना आहेत. धर्मप्रांताने माध्यमिक वर्गांच्या धर्मशिक्षकांसाठी उन्हाळी सुटीत शिबिर घ्यावे आणि त्यात वकील, शेतकरी, मजूर यांनाही बोलवावे. स्थानिक प्रश्नांवर दहा-बारा मराठी पाठांची पुस्तिका तयार करावी. पालकांनी, हे परीक्षेत येत नाही, असे म्हणून हे तास दुय्यम ठरवू नयेत.

आणखी एक गोष्ट कटू असली तरी सांगणे भाग आहे. जो न्यायाविषयी बोलतो त्याने प्रथम स्वतः न्यायी असावे, असे १९७१ च्या बिशपांच्या महासभेने निक्षून सांगितले. आपल्या संस्थांतील शिपाई, सफाई कामगार आणि कंत्राटी शिक्षक यांना आपण काय वेतन देतो, हे मुले पाहत असतात. न्याय्य वेतनाचा धडा फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षिकेलाच ते मिळत नसेल, तर तो धडा मुलांच्या मनात रुजणार कसा? या कामाचा आरंभ शिबिरापूर्वी आपल्या हजेरीपटापासून आणि पगारपत्रकापासूनच व्हावा, असे आम्हाला वाटते.