दुकान दिसतंय, गोदाम कुठाय?

बाकीच्या महाराष्ट्राला ऑनलाइन शॉपिंग मोबाइलच्या पडद्यावर दिसतं, आपल्याला ते मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये दिसतं! नाशिक हायवेला लागा, पडघ्यापर्यंत जा, नाहीतर काशेळी-अंजूरच्या बाजूला वळा. जिकडे बघाल तिकडे पत्र्याची अजस्र गोदामं आणि त्यांच्यासमोर ट्रकच्या रांगा. पुण्यातली माझी मावशी कुर्ता मागवते, ट्रॅकिंगमध्ये 'भिवंडी' हे नाव वाचते आणि मला फोन करते, "अगं, माझं पार्सल दोन दिवस तुझ्या गावात येऊन बसलंय, बघ ना जरा!" जशी काही मी तिथली वॉचमनच आहे.

पण या गोष्टीवरून एक साधा मुद्दा सुचतो आणि तोच मला या लेखात मांडायचा आहे. खऱ्या दुकानाचा पडद्यावर दिसणारा भाग अगदी छोटा असतो. त्याच्या मागे गोदाम असतं, रॅक असतात, बारकोड मारणारी पोरं असतात, हमाल असतात, ट्रक असतात, परत आलेल्या मालाचे ढीग असतात. फसव्या वेबसाइटकडे यातलं काहीच नसतं. तिच्याकडे फक्त दर्शनी भाग असतो, आणि नेमका तोच बघून आपण तिच्यावर विश्वास ठेवतो.

दर्शनी भाग बनवणं किती सोपं आहे, ते आपल्या कॉलेजला मी काय सांगणार? गेल्या सेमला आमच्या वर्गातल्या निम्म्या ग्रुपांनी मिनी प्रोजेक्टला ई-कॉमर्स वेबसाइटच घेतली होती. लॉगिन झालं, कार्ट झालं, 'बाय नाऊ'चं बटण झालं. डमी डेटा म्हणून खाली पाच-पाच स्टारचे रिव्ह्यूसुद्धा आम्हीच लिहिले. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी एका ग्रुपला विचारलं, "छान आहे, पण माल कुठून येणार?" सगळे हसले. मला मात्र वाटतं, त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. जी गोष्ट आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जागून उभी करू शकतो, तिला पुरावा कसं म्हणायचं?

२०२१ च्या सुरुवातीला मुंबईच्या सायबर पोलिसांनी सुरतमधल्या एका माणसाला अटक केली. आरोप होता बनावट शॉपिंग वेबसाइट चालवल्याचा. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे फसलेले लोक २२ हजारांच्या वर, त्यात बहुतेक बायका, आणि रक्कम सुमारे ७० लाख रुपये. आता भागाकार करून बघा. माणशी साधारण ३१८ रुपये! ३१८ रुपयांसाठी कोण पोलीस स्टेशनची पायरी चढणार? घरी सांगितलं तर बोलणी खावी लागणार, ती वेगळीच. म्हणजे या धंद्याचं भांडवल वेबसाइट नाहीच, आपला आळस आणि आपली लाज हेच त्याचं भांडवल आहे.

मी कॉन्व्हेंटची. (शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घेतलंय, त्याबद्दल त्यांचे आभार!) आमच्या घरी अशी समजूत आहे की फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला कोणी फसवू शकत नाही. पूर्वी या समजुतीत थोडंफार तथ्य होतंही, कारण फसव्या साइटवर स्पेलिंगच्या चुका सापडायच्या. आता एआयच्या कृपेने चोरांचं इंग्रजी आमच्या सिस्टरांच्या तोडीचं झालंय. तेव्हा ही खूण विसरा.

दुसरी जुनी खूण कुलपाची. 'एचटीटीपीएस असेल, कुलूप दिसत असेल तर साइट सेफ' असं आपण आई-बाबांना सांगत आलो. कुलपाचा खरा अर्थ एवढाच की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही. पलीकडे चोरच बसला असेल, तर ती सुखरूप चोरापर्यंत पोहोचते! शिवाय हे सर्टिफिकेट 'लेट्स एन्क्रिप्ट'सारखी संस्था २०१५ पासून फुकट देते, कोणालाही. लोकांचा होणारा गैरसमज बघून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधलं ते कुलपाचं चित्रच बदलून टाकलं. जाहिरातीचंही तेच. इन्स्टाग्रामवर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पैसे भरलेत असा होतो, पारखून घेतलंय असा नाही.

मग बघायचं काय? माझं उत्तर: जी गोष्ट खोटी करायला महाग पडते, ती बघा. म्हणजेच गोदाम शोधा.

पहिलं म्हणजे पत्ता, तोही दोन्ही अर्थांनी. वेबसाइटचा पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटचं नाव येतं, ते मालकाचं. 'मोठीकंपनी डॉट दिवाळीसेल डॉट शॉप' असं असेल तर मालक दिवाळीसेल. मोठीकंपनी तिथे नुसती शोभेला आहे. (शेवट 'डॉट को डॉट इन' असेल तर अजून एक घर डावीकडे सरका.) मग खऱ्या जगातला पत्ता. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे अशा दुकानाने आपलं कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क साइटवर द्यायलाच हवा. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा, असा नियम आहे. साइटवर नुसता व्हॉट्सॲप नंबर आणि एक जीमेल आयडी असेल, तर तिथून लगेच बाहेर पडा.

दुसरं, जीएसटी नंबर. हा माझा सगळ्यात आवडता, कारण त्यात आपल्या डोक्याला खाद्य आहे. एकूण १५ अक्षरं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची १० अक्षरं म्हणजे पॅन नंबर. त्या पॅनमधलं चौथं, म्हणजे अख्ख्या नंबरातलं सहावं अक्षर सांगतं की मालक कोण आहे: 'पी' असेल तर एकटा माणूस, 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी फर्म. साइट स्वतःला 'प्रायव्हेट लिमिटेड' म्हणवते आणि सहावं अक्षर 'पी' आहे? मुंबईचं दुकान म्हणते आणि सुरुवात २७ ने होत नाही? मग आपण प्रश्न विचारायला हवेत. हा नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता, फुकट तपासता येतो. मात्र तिथे येणारं नाव साइटवरच्या नावाशी जुळवा, कारण दुसऱ्याचा खरा नंबर चिकटवणारेही असतात.

तिसरं, वय. 'हू-इज' शोधात डोमेन कधी नोंदवलं ती तारीख दिसते. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण तारीख सहसा दिसते. 'वीस वर्षांची विश्वासाची परंपरा' सांगणाऱ्या दुकानाचा जन्म गेल्या महिन्यातला निघाला, तर ती परंपरा त्यांनाच लखलाभ! नवीन डोमेन म्हणजे चोरच असं नाही, आपल्यातलं कोणी उद्या खरा धंदा सुरू करेल. पण नवं दुकान स्वतःला नवं म्हणतं.

चौथं, घाई. 'ऑफर संपायला १४ मिनिटं ३२ सेकंद' असं घड्याळ पळत असेल, तर पान रिफ्रेश करा किंवा इन्कॉग्निटोमध्ये उघडा. घड्याळ परत पहिल्यापासून सुरू झालं, तर ती ऑफर नाही, जावास्क्रिप्टच्या चार ओळी आहेत.

पाचवं, भाव. या बाबतीत तरी आपलं गाव कोणाला हार जाणार नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात झोपणाऱ्या भिवंडीला सुताचा भाव शिकवायला नको. हातमागावरची येवल्याची पैठणी विणायला आठवडेच्या आठवडे जातात. ती ४९९ रुपयांत, वर डिलिव्हरी फ्री? नुसत्या रेशमाचा हिशोब केला तरी कळेल.

राहता राहिले पैसे. अनोळखी साइटवर थेट कोणाच्या यूपीआय आयडीवर पैसे मागत असतील तर पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचा. दुकान एका नावाचं आणि पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात, असं असेल तर तिथेच थांबा. आपण स्वतः पाठवलेले पैसे परत मिळवणं फार अवघड. क्रेडिट कार्डला निदान बँकेकडे वाद घालायची रीतसर सोय असते. 'कॅश ऑन डिलिव्हरी' हा रामबाण उपाय असंही समजू नका, कारण पैसे आधी आणि खोकं नंतर उघडतं. आमच्या हॉस्टेलमधल्या एका ज्युनिअरने शूज मागवले होते, खोक्यात निघाली रबरी चप्पल, तीही दोन्ही डाव्या पायाची.

त्या चपलांवर आमचा मजला आठवडाभर हसला. तक्रार कर, असं तिला एकीनेही सांगितलं नाही. इथेच माझा आक्षेप आहे. आपण फसलेल्याला मूर्ख ठरवतो, म्हणून पुढचा फसलेला गप्प बसतो, म्हणून ३१८ चे ७० लाख होतात. तक्रार एकट्याच्या पैशांसाठी नसतेच. एक खातं, एक फोन नंबर शंभर तक्रारींत दिसला, की पोलिसांना धागा मिळतो.

म्हणून लक्षात ठेवा: पैसे गेले की ताबडतोब १९३० वर फोन, नाहीतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार. जितकं लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यातच ते पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. दुकान खरं आहे पण दाद देत नाही, असं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक आणि साइटचा पूर्ण पत्ता आधीच जपून ठेवा, कारण ती साइट उद्या असेलच असं नाही. आणि 'रिफंड मिळवून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याही सापडलेल्या नंबरला फोन करू नका, तो पहिल्याचाच भाऊ असू शकतो.

शेवटी रेक्टर मॅडम आणि वॉर्डन सरांना एक नम्र विनंती. मेसच्या बोर्डावर रोजच्या भाजीच्या नावाखाली १९३० हा आकडा कायमचा रंगवून घ्यावा. भाजी आम्ही कोणी वाचत नाही, ती काय असणार ते माहीत असतं, पण बोर्डाकडे नजर मात्र रोज जाते. आणि पुढच्या बॅचपैकी एखाद्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टला अजून एक दुकान बांधण्याऐवजी दुकान तपासणारं टूल बांधावं: जीएसटी नंबर, डोमेनचं वय आणि पत्ता एका क्लिकवर जुळवून दाखवणारं. पहिली युजर माझी मावशी, ती तयारच आहे.