छंद आधी, नाव नंतर

शिबिर म्हणा, वर्कशॉप म्हणा, ऑफसाइट म्हणा, पहिला तास ठरलेला. गोल करून बसायचं आणि आपापली ओळख करून द्यायची. नाव, गाव, नोकरी, छंद. मंडळी, मला या प्रकाराचा जाम कंटाळा आहे. पहिला माणूस 'वाचन, संगीत, प्रवास' म्हणतो आणि पुढचे सगळे त्याचीच री ओढतात. आपण मात्र आपली पाळी येईपर्यंत मनातल्या मनात आपलंच वाक्य घोकत बसतो. ऐकत कुणीच नसतं.

गेल्या हिवाळ्यात वारली चित्रकलेच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपसाठी आम्ही अठराजण कोसबाडला जमलो होतो. ठिकाण एकदम सही. डहाणू रोडला उतरायचं, रिक्षा पकडायची आणि चिकूच्या वाड्यांमधून टेकडीवर चढायचं. वरून खाली पाहिलं की आधी चिकूचा गडद हिरवा पट्टा आणि त्याच्या पलीकडे समुद्राची रेघ. असा नजारा समोर असताना 'हाय, मी अमुक, आयटीमध्ये आहे' हे ऐकणं म्हणजे शिक्षाच. मी तर चक्क जांभया देत होते.

दहावी की अकरावी पाळी एका पोपटी कुर्त्यातल्या मुलीची होती. ती म्हणाली, "मी छंद आधी सांगते, चालेल? मी मराठी नाटकांच्या पेपरातल्या जाहिराती कापून जमवते. नाटकाच्या तिकिटापेक्षा मला जाहिरात जास्त प्यारी. दुसरं म्हणजे शब्दकोडी. पेनानं सोडवते, पेन्सिलीनं नाही. तिसरं, शिवण. हा कुर्ता मीच शिवलाय, त्यामुळे एक बाही किंचित लांब आहे. गाव खेड, जिल्हा रत्नागिरी. नोकरी तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये, राहते बोईसरला." एवढं बोलून ती थांबली, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि मग नाव सांगितलं. नाव मुसलमानी होतं.

गोलात एक छोटीशी हालचाल झाली. माझ्या शेजारचा बँकवाला अगदी मनापासून म्हणाला, "वा! पण तुमचं मराठी किती छान आहे हो!"

ती म्हणाली, "तुमचंही छान आहे."

सगळे हसले. तोही हसला, बिचारा. मी मात्र हसायची विसरले, कारण आडनावासकट ते नाव मला पाठ होतं. माझ्या मोबाइलमध्ये तिचा नंबर होता. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण निदान तीनदा फोनवर बोललो होतो. आणि तो नंबर मी सेव्ह केला होता 'तलाक बाइट' या नावानं.

आता हे जरा समजावून सांगायला हवं. २०१९ च्या जुलैत तिहेरी तलाकविरोधी कायदा झाला, तेव्हा मी मास कॉमची पदवी घेऊन नुकतीच एका डेस्कवर चिकटले होते. फर्मान आलं, 'तासाभरात एका मुस्लिम बाईचा कोट हवा, मराठीतून.' कुणीतरी कुणाचा तरी नंबर दिला. 'ही बोलते व्यवस्थित, आणि मराठी एकदम क्लीन.' मी फोन लावला, चार वाक्यं घेतली, काम फत्ते. २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाबचा वाद पेटला, तेव्हा पुन्हा फोन. नंतर समान नागरी कायद्याची चर्चा सुरू झाली, पुन्हा फोन. दरवेळी तिनं शांतपणे उत्तर दिलं. दरवेळी मी 'थँक्यू सो मच' म्हणून फोन ठेवला. ती कुठं राहते, काय काम करते, तिचं लग्न तरी झालंय का, मला काहीही माहीत नव्हतं. म्हणजे तलाकवर मी जिचं मत छापलं, तिचं लग्न झालंय की नाही हेसुद्धा मी विचारलं नव्हतं. (नाही झालेलं.)

माझी पाळी आली. मी माझं नाव सांगितलं. पोपटी कुर्ता माझ्याकडे वळला. "अय्या, तू होय! आज कुठला कायदा झाला?"

रात्री जेवणानंतर बाकीचे शेकोटीकडे गेले आणि आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं. म्हणाली, "राग नाही गं. कुणी तरी बोलायलाच हवं ना त्यावर." मग जरा वेळानं, "फक्त एकदा तरी वाटायचं, तू शेवटी विचारशील, अजून काही सांगायचंय का?"

खेडला लहानपणी त्यांच्याकडे मुंबईचा पेपर यायचा. सगळी पानं मोठ्या माणसांनी वाचून झाली की नाटकांचं पान हिच्या वाट्याला. शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन... ही ठिकाणं तिनं कधी पाहिलेली नव्हती, नाटकं पाहायला मिळायचा तर प्रश्नच नव्हता. मग ती चौकटी कापायची आणि वहीत चिकटवायची. 'शुभारंभाचा प्रयोग', 'फोन बुकिंग चालू', 'हाऊसफुल्ल'. ठळक टाइपातली नटांची नावं वाचून नाटकात काय असेल ते स्वतःच ठरवायची. पुढे नोकरी लागल्यावर त्यातली काही नाटकं तिनं खरोखर पाहिली. "बऱ्याचदा माझंच नाटक जास्त चांगलं होतं," असं तिचं म्हणणं.

आता मला सांगा, असली मुलगी समोर असताना मी पाच वर्षं तिला काय विचारत होते?

'मराठी किती छान' हा प्रकार तिला शाळेपासून परिचयाचा. रत्नागिरीकडच्या कितीतरी मुस्लिम घरांत बोलतात ती कोकणी बोलीच, हे तिनं आता समजावून सांगणं सोडून दिलंय. त्याऐवजी ती यास्मिन शेख यांची गोष्ट सांगते. मराठी व्याकरणातलं मोठं नाव. 'मराठी लेखन मार्गदर्शिका' आणि 'मराठी शब्दलेखनकोश' त्यांचेच. मुंबईत एसआयईएस कॉलेजात वर्षानुवर्षं मराठी शिकवलं, 'अंतर्नाद' मासिकाच्या त्या व्याकरण सल्लागार होत्या. २१ जून २०२५ ला त्यांची शंभर वर्षं पूर्ण झाली. नाव वाचून लोक थक्क व्हायचे, मुसलमान बाई आणि ऱ्हस्व-दीर्घ! गंमत म्हणजे बाई जन्मानं ज्यू, माहेरचं नाव जेरुशा, लग्नानंतर शेख. म्हणजे लोकांचं आश्चर्यसुद्धा चुकीच्या पत्त्यावर गेलेलं. "माझा बोनस पॉइंट असा," ती म्हणाली, "की शुद्धलेखनात मी त्यांच्याच बाजूची आहे. मग आता सांग, मी कुठल्या समाजाची प्रतिनिधी?"

मग ती एकदम गंभीर झाली आणि फातिमाबद्दल बोलायला लागली. सावित्रीबाई फुले माहेरी, नायगावला होत्या, तेव्हा १० ऑक्टोबर १८५६ ला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात फातिमाचा उल्लेख येतो. माझ्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाचा. बस्स. २०२२ च्या ९ जानेवारीला गूगलनं तिचं डूडल केलं, सोशल मीडियावर तिच्यावरून भांडणं होतात, ती होती की नव्हती इथपर्यंत. पण तिनं स्वतः लिहिलेली एक ओळ आपल्या हाती नाही. "कुरकुर करायची नाही म्हणे," ती म्हणाली. "मला राहून राहून वाटतं, केली असती तर बरं झालं असतं. निदान काय आवडत नव्हतं तेवढं तरी कळलं असतं."

यावर मी काय बोलणार? मी चिकू सोलत बसले.

घरी आल्यावर मात्र थोडा अभ्यास केला (उशिरा का होईना). १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला होता, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. सात, फक्त सात. हे मला पत्रकार म्हणून ऐकून माहीत होतं. पण हमीदभाईंच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांचं 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन मी कधी उघडलंही नव्हतं. दुसरी गोष्ट तर लाइफस्टाइल पानाच्या माणसांनी फ्रेम करून लावावी अशी. १९८२ मध्ये जळगावात समाजाच्या काही पुढाऱ्यांनी मुस्लिम बायकांना सिनेमा पाहायला बंदी घातली. रझिया पटेल नावाच्या तरुण कार्यकर्तीनं त्याविरुद्ध लढा उभारला. सिनेमासाठी! हक्क, न्याय, समता हे मोठे शब्द त्यात होतेच, पण भांडणाच्या मुळाशी होतं अंधारात बसून पडद्याकडे बघण्याचं सुख. आपण बुक करून, पॉपकॉर्न घेऊन, मध्यंतरात पिक्चर बोअर म्हणून उठून येतो, तेच. पुढे त्यांनी 'चाहूल' हे आत्मकथन लिहिलं.

सांगायचा मुद्दा, आवडीनिवडी ही काही पोट भरल्यावरची गोष्ट नाही. ज्यांना त्या उघडपणे सांगता येतात, त्यांनाच तसं वाटतं.

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी नीट कळलं. चहा पिता पिता आम्ही एकमेकींचे प्रोफाइल बघत होतो. तिच्या प्रोफाइलवर फोटो नाही, शिलाई मशीनच्या सुईचं चित्र आहे. मी म्हटलं, घरच्यांना आवडत नाही का? (बघा, सवय कशी जात नाही ती.) ती म्हणाली, "घरच्यांनी काय घोडं मारलंय? जानेवारी २०२२ नंतर काढला." मला आठवायला एक क्षण लागला. त्याच्या आदल्या जुलैत 'सुल्ली डील्स' आणि मग २०२२ च्या १ जानेवारीला 'बुल्ली बाई'. मुस्लिम मुलींचे, पत्रकारांचे, कार्यकर्त्यांचे फोटो त्यांच्या अकाउंटवरून उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारी अ‍ॅप्स. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेनं अटकाही केल्या. ती काही त्या यादीत नव्हती. पण त्या दिवशी तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी रात्रभर जागून आपापले फोटो काढून टाकले. भटकंतीचे, वाढदिवसाचे, नव्या कुर्त्याचे. "कुर्त्यांचे काढताना जीवावर आलं," म्हणाली. "शिवून आपण, लाजायचं पण आपण."

म्हणून छंद आधी आणि नाव शेवटी. ती काही स्मार्ट दिसायला केलेली आयडिया नव्हती. नाव एकदा कानावर पडलं की समोरच्याचं ऐकणं थांबतं, एवढा साधा हिशेब होता.

दुपारी वर्कशॉप संपल्यावर टेकडीवरची ग्राम बालशिक्षा केंद्राची जागा बघायला गेलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं हे केंद्र १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालं आणि १९५७ मध्ये इथं कोसबाडला आलं. आज देशभर सरकारी पाट्यांवर दिसणारा 'अंगणवाडी' हा शब्द या दोघींच्या बोर्डीतल्या कामातून आला. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. इथल्या वारली पोरांना तर गुरं राखायला जावं लागायचं. मग कुरणशाळा काढली, गुरं चरतायत तिथंच शाळा. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं.

हे मला साधारण माहीत होतं. तिला दुसरंच काही सुचलं. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. "त्या काळी त्यांची ओळख कशी करून देत असतील सांग," ती म्हणाली. "बालविधवा. नावाच्याही आधी. पुढचं कुणी ऐकत असेल का?" अनुताईंनी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'कोसबाडच्या टेकडीवरून'. नावात बाई कुठंच नाही, टेकडी आहे. हे मी तिला सांगितलं तर ती खूश झाली, म्हणाली, "बघ, छंद आधी."

परतीची डहाणू लोकल रिकामीच होती. खिडकीजवळच्या दोन समोरासमोरच्या सीट मिळाल्या. मी शेवटी तो प्रश्न विचारला. तुझ्या वहीतली सगळ्यात जुनी जाहिरात कुठली? ती पाय वर घेऊन मांडी ठोकून बसली. ती म्हणे तिची स्वतःची नव्हतीच, आत्येच्या शिवणाच्या डब्यात घडी घालून ठेवलेली सापडली. आत्येनं आयुष्यात एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. मग ती जाहिरात तिनं कापून का ठेवली, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं कुणाचा तरी पत्ता होता तो कुणाचा... एवढ्यात वाणगाव गेलं. मी मध्ये मध्ये प्रश्न विचारून उशीर केला, माझीच चूक. ती पत्त्यापाशी आली आणि बोईसर आलं. पिशवी, वारलीच्या चित्राची सुरळी आणि चिकूची पेटी सावरत ती उतरली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

विरारपर्यंत मी फोन हातात घेऊन बसले होते. 'तलाक बाइट' खोडून नाव टाकलं. मग वसई जायच्या आत राहवेना, फोन लावला.

"काय गं? काय झालं? कुठला कायदा?"

"काही नाही. तो पत्ता कुणाचा होता?"