पैसा उरतोच कसा?

विशाल सिक्का यांनी इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदाचा राजीनामा दिला तो 18 ऑगस्ट 2017 रोजी, शुक्रवारी. शनिवारी संचालक मंडळ बसले आणि 13 हजार कोटी रुपये खर्चून स्वतःचेच समभाग भागधारकांकडून परत विकत घेण्याचा निर्णय झाला. बाजारात सवानऊशेच्या आसपास आलेल्या समभागाला कंपनी 1,150 रुपये मोजणार होती. पुण्यात 1981 साली जन्मलेल्या या कंपनीच्या इतिहासातील ही पहिलीच पुनर्खरेदी, म्हणजे बाजाराच्या भाषेत बायबॅक. बैठक आधीच ठरलेली होती, त्यामुळे राजीनाम्याचे फळ म्हणून बायबॅककडे बोट दाखवणे अन्यायाचे ठरेल. पण दोन्हींच्या मागचे भांडण बऱ्याच अंशी एकच होते. गंगाजळी कंपनीने नव्या, अनिश्चित गोष्टींवर लावावी की ज्यांची आहे त्यांना देऊन टाकावी, हे ते भांडण. त्या शनिवारी एक बाजू जिंकली, आणि नंतरच्या वर्षांत तिने मागे वळून पाहिलेले नाही.

हरलेल्या बाजूच्या खात्यात एक नोंद आहे. डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेत ओपनएआय ही ना-नफा संस्था जाहीर झाली, तेव्हा तिला पैसा देऊ करणाऱ्यांच्या यादीत एलॉन मस्क, पीटर थील, अॅमेझॉन वेब सर्व्हिसेस यांच्या पंक्तीला इन्फोसिसचे नाव होते. ते दान होते. ‘तेव्हाच हिस्सा घेतला असता तर आज किती झाले असते’ असे जे हिशेब अधूनमधून मांडले जातात ते पोकळ आहेत. दान दिलेल्या संस्थेत हिस्सा मिळत नसतो. तरी चॅटजीपीटी येण्याच्या सात वर्षे आधी बंगळुरूतील एका सेवा कंपनीला तिकडे डोकावून पाहावेसे वाटले होते, एवढे त्या नोंदीवरून सिद्ध होते. पुढे ते कुतूहल मावळले.

बायबॅक मात्र होत राहिले. 2017 चे 13 हजार कोटी, मग 2019 मध्ये 8,260 कोटी, 2021 मध्ये 9,200 कोटी, 2022 मध्ये 9,300 कोटी आणि सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झालेले 18 हजार कोटी. मुंबईच्या टीसीएसने 2017 ते 2023 या काळात पाच खेपांत 83 हजार कोटींचे बायबॅक केले. दोन कंपन्यांची बेरीज 1 लाख 40 हजार कोटींच्या वर जाते. दरसाल वाटलेला लाभांश यात धरलेलाच नाही.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवावा. खासगी उद्योगांनी संशोधन करावे म्हणून केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये 1 लाख कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. दीर्घ मुदतीची, अल्प व्याजाची किंवा बिनव्याजी कर्जे त्यातून मिळणार आहेत. देशाचा संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्क्यांवर अडकला आहे आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा तोकडा आहे, हे दुखणे खरे. पण ज्या देशात दोनच तंत्रज्ञान कंपन्या नऊ वर्षांत या योजनेच्या जवळपास दीडपट रक्कम ‘आमच्याकडे जास्तीची आहे’ म्हणून परत करतात, तिथे संशोधन पैशाअभावी अडले आहे हे निदान पटणे कठीण आहे. नवउद्योगांना स्वस्त कर्जाची गरज असेल. मोठ्यांचे दुखणे वेगळे आहे.

म्हणून बायबॅकवर बंदी घाला, ही मागणीही आम्हाला मान्य नाही. भारतात 1998 पर्यंत बायबॅकला परवानगीच नव्हती. त्या काळात आपल्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा ओसंडून वाहत होत्या असे कोणी म्हणणार नाही. परत न दिलेला पैसा संशोधनाकडे जातो, हे गृहीतकच कच्चे आहे. 2017 पूर्वी इन्फोसिसची प्रचंड रोकड बँकांच्या ठेवींत आणि रोख्यांत व्याज खात पडून होती. कंपनीने मुदत ठेवी सांभाळत बसण्यापेक्षा भागधारकाचा पैसा भागधारकाला द्यावा, हा इन्फोसिसच्याच माजी अधिकाऱ्यांचा आग्रह तेवढ्यापुरता रास्तच होता. ठेवी काय, भागधारकालाही काढता येतात.

टीसीएसच्या बाबतीत तर परत गेलेल्या पैशाचा माग काढता येतो. कंपनीचे सुमारे 72 टक्के भांडवल टाटा सन्सकडे आहे, म्हणजे बायबॅकचा मोठा भाग टाटांच्या मुख्यालयात, फोर्टमधल्या बॉम्बे हाऊसमध्येच जातो. तिथून तो एअर इंडियासारख्या तोट्यातल्या डोकेदुखीत किंवा धोलेऱ्यातील चिप कारखान्यासारख्या धाडसात उतरू शकतो. शिवाय टाटा सन्सचे 66 टक्के भांडवल टाटा न्यासांकडे आहे. टीआयएफआर आणि टाटा मेमोरियल रुग्णालय या मुंबईतील दोन संस्था याच न्यासांच्या पैशातून उभ्या राहिल्या. तेव्हा कंपनीतून निघालेला रुपया वाया गेला असे सरसकट म्हणता येत नाही. नवे काही करण्याची उमेद या समूहात आहे; ती संगणकाच्या कंपनीपेक्षा तिच्या मालकाकडे अधिक दिसते, ही गंमत.

संशोधन विरुद्ध बायबॅक हा वाद अमेरिकेत जुना आहे. तिथे 1982 मध्ये नियम सैल झाले आणि पुढच्या काळात बायबॅक हा कंपन्यांचा नित्यधर्म झाला. अॅपलने 2024 या आर्थिक वर्षात समभाग परत घेण्यावर सुमारे 95 अब्ज डॉलर आणि संशोधनावर 31 अब्ज डॉलर घातले. तरी अॅपलचे उदाहरण फारसे शिकवत नाही. इतका पैसा येत असला की दोन्ही जमते.

शिकवते ते इंटेलचे. 2020 साली इंटेलने बायबॅकवर 14.2 अब्ज आणि संशोधनावर 13.6 अब्ज डॉलर खर्च केले. ‘बघा, संशोधनाहून बायबॅक जास्त’ असे म्हणून टीकाकार इथेच थांबतात. पण त्याच वर्षी चिपनिर्मितीत इंटेलच्या पुढे निघून गेलेल्या तैवानच्या टीएसएमसीचा संशोधनखर्च पावणेचार अब्जांच्या आसपास होता. इंटेल चिपची रचनाही करते आणि टीएसएमसी केवळ निर्मिती, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही; तरी इंटेलच्या शास्त्रज्ञांना पैसा कमी पडत होता असे यावरून दिसत नाही. कंपनीची नजर दुसरीकडे लागली होती. जुलै 2020 मध्ये इंटेलने आपले 7 नॅनोमीटरचे तंत्र लांबल्याची कबुली दिली. एका दिवसात समभाग 16 टक्क्यांनी कोसळला. महिना उलटायच्या आत कंपनीने 10 अब्ज डॉलरच्या तातडीच्या बायबॅकची घोषणा केली. कारण दिले ते हे, की समभाग त्याच्या खऱ्या मूल्याच्या बराच खाली मिळतो आहे. तेव्हा तो 50 डॉलरच्या आसपास होता. पाच वर्षांनी, ऑगस्ट 2025 मध्ये, अमेरिकी सरकारने याच कंपनीत सुमारे 10 टक्के हिस्सा घेतला तो 20.47 डॉलर दराने. दरम्यान लाभांश बंद झाला होता आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या. कारखान्यातून आलेल्या वाईट बातमीला बाजारात उत्तर देता येते, असे ज्या संचालकांना वाटले त्यांच्या हाती संशोधनासाठी आणखी 10 अब्ज ठेवले असते, तरी काय झाले असते, कोणास ठाऊक!

आपल्या कंपन्यांचे दुखणे याहून निराळे आहे. इंटेलला संशोधनाची गरज होती आणि तिथे ती चुकली. आपल्याकडे ती गरजच फारशी भासली नाही. हिंजवडीत हजारो अभियंते ज्या रचनेवर कामाला लागले, तिचे गणित माणसे मोजून परदेशी ग्राहकाला बिल लावण्याचे. महाविद्यालयातून थेट उचललेल्या मुलाचा पगार एक तपाहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास थबकलेला. माणूस इतका स्वस्त असताना त्याचे काम निम्म्या वेळात करणारी अवजारे बनवण्याची घाई कोणाला असणार? बिल तासांवर होत असेल तर तास वाचवणे हा तोटाच. फिनॅकलसारखे बँकांचे सॉफ्टवेअर इन्फोसिसने घडवले, विकले, नावारूपालाही आणले. पण कंपनीचा डोलारा उभा राहिला तो सेवांवर. या गणितात नफा भरपूर सुटतो आणि तो गुंतवायला जागा मात्र सापडत नाही. आता यंत्रच संगणकाच्या आज्ञावली लिहू लागल्यावर हे गणित डळमळते आहे. टीसीएसने 2025 मध्ये 12 हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले ते त्याच वर्षी, ज्या वर्षी इन्फोसिसने 18 हजार कोटी जास्तीचे ठरवले. त्या बायबॅकमध्ये नंदन नीलेकणी, सुधा मूर्ती आदी प्रवर्तक उतरले नाहीत. ऑक्टोबर 2024 पासून बायबॅकची रक्कम लाभांश समजून भागधारकाच्या हाती करपात्र झाली होती, हेही इथे लक्षात ठेवायला हरकत नाही.

असे होणे अटळ होते काय? ज्या वर्षी पुण्यात इन्फोसिस जन्मली, त्याच 1981 साली त्याच शहरात टीसीएसच्या फकीरचंद कोहलींनी टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र सुरू केले. सॉफ्टवेअरच्या संशोधनाला वाहिलेले ते देशातले पहिले केंद्र मानले जाते. तेव्हा टीसीएसची गंगाजळी आजच्या तुलनेत नगण्य होती आणि देशात संगणक आणायचा म्हणजे परवान्यांचे जंजाळ. तरीही हडपसरच्या त्या केंद्रात सॉफ्टवेअर लिहिणारी सॉफ्टवेअर घडवण्यावर काम झाले आणि भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याचे तंत्रही निघाले. त्याच तंत्राच्या पायावर 2009 मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हे स्वस्त शुद्धियंत्र बाजारात आले. संगणक कंपनीने पाण्याच्या मागे का लागावे, असे आजच्या एखाद्या विश्लेषकाने तिमाही निकालाच्या दूरध्वनी बैठकीत नक्की विचारले असते. कोहलींच्या नशिबी तसल्या बैठका नव्हत्या. टीसीएस बाजारात नोंदली गेली ती 2004 मध्ये.

तेव्हा करायचे काय? पैसे परत द्यायला मनाई नको. कंपनीने संशोधनावर अमुक टक्के खर्च केलाच पाहिजे, अशी सक्तीही नको. सामाजिक दायित्वाच्या दोन टक्क्यांचे काय होते ते दिसतेच आहे, उद्या झेरॉक्स यंत्राची खरेदीही संशोधनात दाखवली जाईल. आमची मागणी लहान आहे. कंपनी कायद्याच्या कलम 68 नुसार बायबॅकच्या ठरावासोबत भागधारकांना जे निवेदन द्यावे लागते त्यात ‘बायबॅकची गरज’ सांगणे आजही बंधनकारक आहे. त्या रकान्यात वर्षानुवर्षे ठरलेली वाक्ये पडतात: जास्तीचा निधी परत करणे, प्रति समभाग उत्पन्न सुधारणे, भांडवलावरचा परतावा वाढवणे. तिथे सेबीने आणखी एक पान मागावे. गेल्या तीन वर्षांत संचालक मंडळापुढे संशोधनाचे आणि नव्या उत्पादनांचे किती प्रस्ताव आले, त्यांना किती पैसा लागणार होता, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने. ग्राहकांची गुपिते उघड होतील ही सबब पुढे येईल, पण प्रस्तावांची नावे न देताही संख्या, रक्कम आणि कारणे सांगता येतात. ज्या मंडळाने दहा प्रस्ताव तपासून बाद केले त्याने 18 हजार कोटी खुशाल परत द्यावेत. आणि ज्याच्यापुढे एकही प्रस्ताव आला नाही, त्याने शून्य हा आकडा स्वाक्षरीनिशी छापावा आणि पुढच्या वार्षिक सभेत भागधारकांच्या प्रश्नांना तोंड द्यावे.