कर्जदाराने दाद कोठे मागावी?

कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये सूक्ष्म आणि लघु कर्जांच्या वसुलीतील बळजबरी रोखण्यासाठी वटहुकूम काढला. दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड ही शिक्षा राज्यपालांना अवाजवी वाटली. त्यांनी वटहुकूम एकदा परत पाठवला आणि नंतर मान्य केला. त्या वेळची चर्चा या शिक्षेभोवतीच फिरत राहिली. माझ्या मते त्यातील कळीची गोष्ट वेगळी होती : रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका आणि बिगर-बँक वित्तीय कंपन्या या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. हप्ता चुकला म्हणून संध्याकाळी उंबरठ्यावर येऊन बसणारा माणूस नोंदणीकृत कंपनीचा आहे की बेकायदा सावकाराचा, हे त्या घरातल्या बाईला कसे कळावे?

यात राज्यांचा दोष फारसा नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेडुमपिल्ली फायनान्सच्या प्रकरणात स्पष्ट केले, की रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बिगर-बँक वित्तीय कंपन्यांना केरळ आणि गुजरात यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. एकाच संस्थेला दोन मालक नकोत, हा विचार कायद्याच्या दृष्टीने रास्तच आहे. मात्र त्याचा परिणाम असा झाला, की कर्जदाराचे संरक्षण त्याच्यावरील अन्यायाच्या स्वरूपावर न ठरता सावकाराच्या नोंदणीवर ठरू लागले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे १८७५ सालची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८५५ च्या कायद्याने व्याजावरील मर्यादा उठवल्या होत्या. सही झाली की करार पवित्र, अशी न्यायालयांची भूमिका होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सावकारांकडील खती आणि रोखे हस्तगत करून जाळण्यावर होता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. मुद्दल किती, व्याजाचे व्याज किती, हे उकलणे त्याचे कर्तव्य ठरले. १९१८ च्या जाचक कर्ज कायद्याने तेच तत्त्व व्यापक केले. पुढे मात्र चाक उलटे फिरले. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात आलेल्या कलम २१-अ नुसार, बँकेचे व्याज भरमसाट आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. क्रेडिट कार्डावरील व्याजाला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने घातलेली ३० टक्क्यांची मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

आता करारासाठी अंगठाही उमटवावा लागत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तो टेकवला की पुरे. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली. त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ चे नियम त्यातूनच आले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा व्हावी, ॲपने फोनमधील संपर्कयादी आणि छायाचित्रे यांना हात लावू नये, ठरावीक मुदतीत दंडाविना कर्ज परत करण्याची मुभा असावी. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला समजेल अशा भाषेत मुख्य अटींचे पत्रक आणि एकूण वार्षिक खर्चाचा दर देणे बंधनकारक आहे. नियम उत्तम आहेत. पण ते पाळतो तो नोंदणीकृत धनको; नातेवाइकांना विकृत छायाचित्रे पाठवणाऱ्या ॲपला रिझर्व्ह बँकेची भीती असण्याचे कारण नाही. अनियंत्रित कर्जव्यवहारांवर बंदी घालणारा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला, तो याच पोकळीसाठी.

दारे आज अनेक आहेत. नोंदणीकृत संस्थेविरुद्ध आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास वा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. मात्र काही लहान वित्तीय कंपन्या त्या योजनेतच नाहीत. सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोग आहे, आणि करारात लवादाचे कलम असले तरी तो मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितले आहे. (लवादाची नोटीस आली म्हणजे सारे संपले, असे मानून कित्येक जण घाबरून गप्प बसतात.) बेकायदा ॲपसाठी १९३० हा क्रमांक आणि पोलीस; शिवाय रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ संकेतस्थळ, ज्यावरील तक्रारींच्या पाठपुराव्यासाठी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय समन्वय समिती आहे. अशा समित्यांच्या बैठकांचा मला जो अनुभव आहे, त्यावरून एवढेच सांगतो, की टिपणे सुबक असतात आणि अर्जदार कोठेच दिसत नाही.

जिल्ह्यात असताना बचत गटातील काही स्त्रियांचा अर्ज माझ्याकडे आला होता. वसुलीवाल्यांची नावे, तारखा, वेळा, सारे त्यात होते. आमच्या कार्यालयाने तो अग्रणी बँकेकडे पाठवला, बँकेने कंपनीकडे, आणि कंपनीने ‘नियमानुसार वसुली सुरू आहे’ असे उत्तर दिले. प्रत्येक टेबलावर योग्य तो शेरा होता. नस्ती बंद झाली.

कडक कायद्याविरुद्ध एक युक्तिवाद मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेशाने सूक्ष्म वित्त संस्थांवर वटहुकुमाने बंधने आणली, तेव्हा परतफेड कोसळली, संस्था मोडकळीस आल्या आणि नवे कर्जही आटले. गरज काही आटली नव्हती. ती पुन्हा गावच्या सावकाराकडे वळली. म्हणून कर्ज रोखणारा कायदा मला नको आहे. वागणूक तपासणारी यंत्रणा हवी आहे, आणि ती कर्जदाराच्या तालुक्यात हवी.

तिचा पाया आहेच. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कर्जाबाबतची कोणतीही तक्रार तेथेच स्वीकारावी, धनको नोंदणीकृत आहे की नाही याचा शोध कार्यालयाने घ्यावा आणि लोकपाल, पोलीस की ग्राहक आयोग हेही त्यानेच ठरवून अर्ज पुढे पाठवावा. पोच अर्जदाराला त्याच दिवशी मिळावी. यासाठी संसदेची गरज नाही. अर्थ आणि विधी मंत्रालये, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण व रिझर्व्ह बँक यांच्यात समझोता झाला तरी पुरे. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी आणि सायंकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, हा २०२२ चा नियमही त्या कार्यालयाच्या दारावर स्थानिक भाषेत लावता येईल, आणि त्याखाली तक्रार घेणाऱ्या लिपिकाचे नाव.