चिमटीतली कातडी

शहाद्याच्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. वय ४३. लिहितात, ‘हाताच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडली की पूर्वी झटकन जागेवर बसायची. आता क्षणभर तशीच उभी राहते. गळाही सैल पडल्यासारखा वाटतो. वैशाखात मुलीचे लग्न आहे, तोवर काही करता येईल का? शेजारणीने एक ट्यूब सुचवली आहे. महिनाभर रोज लावते आहे. चेहरा चांगलाच उजळलाय.’

शेवटचे वाक्य वाचून मी दचकलेच. पण त्या ट्यूबकडे नंतर वळू. आधी चिमटीचे पाहू या.

मुलीच्या फ्रॉकचे इलॅस्टिक आपण सगळ्यांनीच बदललेले आहे. वापरून वापरून ते सैल पडतेच. पण रोज गच्चीवर कडक उन्हात वाळत घातलेल्या फ्रॉकचे इलॅस्टिक, घरात दोरीवर वाळवलेल्या फ्रॉकच्या कितीतरी आधी मान टाकते. कातडीचेही तसेच आहे. वरच्या पातळ पापुद्र्याखाली जो जाड थर असतो, त्यात दोन प्रकारचे धागे असतात. कोलॅजेनचे धागे कातडीला बळकटी देतात आणि इलॅस्टिनचे धागे ताणलेली कातडी परत जागेवर ओढतात. यातले इलॅस्टिन बहुतेक सगळे जन्माआधी आणि लहानपणीच तयार होते. पुढे ते खराब झाले तर नवे, तितकेच चांगले बनत नाही. कोलॅजेन बनत राहते, पण वयाबरोबर कमी कमी.

म्हणजे वय आहेच. पण सगळे वयावर ढकलू नका. आज दुपारी कामे आटोपली की खिडकीशी बसा आणि दंडाची आतली बाजू पाहा, जी ब्लाऊजच्या बाहीखाली आणि काखेकडे झाकलेली असते. मग मनगटाची वरची बाजू पाहा. दोन्ही कातड्या एकाच दिवशी जन्मल्या, दोघींनी एकाच घरचे अन्न खाल्ले. तरी एक मऊ, एकसारखी, आणि दुसरी खरबरीत, ठिपक्यांची! हा जो फरक दिसतो, तो बराचसा उन्हाचा.

अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९ सालीच हे दाखवून दिले होते, की उन्हाने होणारी ही झीज फार लवकर, तरुण वयातच सुरू होते. डोळ्यांना दिसते मात्र पुष्कळ उशिरा. २०१२ मध्ये तिकडच्याच एका ट्रकचालकाचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. वय ६९, अठ्ठावीस वर्षे गाडी चालवलेली. चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी बरीच बरी. काचेतून आत येणारे किरण तापवत नाहीत, भाजत नाहीत, म्हणून आपल्याला कळतही नाहीत. रोज एस.टी.ने धुळ्याला किंवा तळोद्याला नोकरीला जाणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे आणि जमल्यास सावलीची बाजू धरावी.

आपल्या नंदुरबारकडे ऊन म्हटले की एप्रिल-मे आठवतो. तापीकाठच्या सपाटीवर पारा चाळिशी ओलांडतो आणि बाया डोक्यापासून हातापर्यंत गुंडाळून घेतात. ते योग्यच. पण गफलत हिवाळ्यात होते. मिरचीच्या पथाऱ्या लाल व्हायला लागल्या की दिवसभर उघड्यावर काम चालते. वारा गार, ऊन कोवळे वाटते. पापड-कुरडयांच्या दिवसांतही गच्चीवर आपले तेच. हवा गार म्हणून किरण कमी, असे गणित नाही. ऊब आणि किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरं का!

आपल्या सावळ्या रंगाचे एक उपकार मानायला हवेत. गोऱ्या बायकांना तिशीत ज्या सुरकुत्या पडतात, त्या आपल्याला सहसा उशिरा पडतात. आपल्याकडे ऊन आधी काळपट डाग आणि वांग यांच्या रूपाने दिसते. म्हणून रंग उजळण्याच्या मागे लागण्यापेक्षा छत्री घ्यावी, सकाळी दहा ते दुपारी चार सावली धरावी, घट्ट विणीचा पदर किंवा पूर्ण बाह्या वापराव्यात. विरळ विणीच्या ओढणीतून ऊन गाळून येते.

उन्हाचे क्रीम लावायचेच तर नीट लावा. ऑस्ट्रेलियात नांबूर नावाचे गाव आहे (नंदुरबारची धाकटी बहीण शोभेल असे नाव!). तिथल्या नऊशेहून जास्त माणसांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. काहींना क्रीम रोज लावायला सांगितले होते, काहींना नेहमीप्रमाणे मर्जीनुसार. साडेचार वर्षांनी हाताच्या मागच्या कातडीचे ठसे तपासले, तर रोज लावणाऱ्यांची झीज २४ टक्क्यांनी कमी निघाली. पाहा, नेमकी आपल्या भगिनीच्या चिमटीतलीच जागा! एस.पी.एफ. ३० किंवा त्याहून जास्त असे लिहिलेले घ्यावे. तर्जनी आणि मधले बोट यांवर लांब रेघ ओढल्याइतके चेहरा-मानेला लागते. हातांच्या मागच्या बाजूला वेगळे. बाहेरच काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. चिमूटभर लावून ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणू नये.

चिमटीवरून आणखी एक सांगून ठेवते. साठीच्या पुढच्या सासूबाईंच्या हाताची कातडी उभी राहिली तर घाबरू नका, ते वयाने होतेच. पण जुलाब-उलट्या होणाऱ्या लहान मुलाच्या पोटावरची चिमटी सावकाश बसू लागली, तर अंगातले पाणी कमी झाले आहे असे समजा. मीठ-साखरेचे पाणी पाजत पाजत दवाखाना गाठा. तिथे थांबायचे नाही.

पाळी जायच्या सुमाराला अनेकींना वाटते, ‘एकदम म्हातारी झाले!’ तो भास नव्हे. स्त्रीरसायन कमी झाले की पहिल्या पाच वर्षांत कातडीतले कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे आढळले आहे. केवळ कातडीसाठी हार्मोनच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत.

तेलाबद्दल नेहमी विचारले जाते. खोबरेल घ्या, तीळ घ्या, किंवा सातपुड्यातल्या आपल्या बहिणी काढतात ते, थंडीत थिजणारे मोहाच्या बियांचे तेल घ्या. तेलाने कोरडेपणा जातो, खाज थांबते, बारीक रेषा बुजल्यासारख्या दिसतात. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावावे. सैल पडलेले धागे मात्र त्याने घट्ट होत नाहीत. तसा दावा करणाऱ्या महागड्या बाटलीनेही होत नाहीत.

शहाद्याची पपई पोटात जाऊ द्या. तिच्यात क जीवनसत्त्व आहे आणि ते नसेल तर कोलॅजेन नीट बनत नाही. डाळ, दूध, अंडी चालत असल्यास अंडी, हेही हवे. घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या आमटीवर भागवणाऱ्या बाईची कातडी कशी सुधारेल? कच्च्या पपईचा चीक मात्र तोंडाला फासू नका, कातडी सोलवटते. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, काळे चट्टे उठतात.

खरोखर कोलॅजेन वाढवणारे म्हणून नीट सिद्ध झालेले एक औषध आहे. ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातले, ट्रेटिनॉइन. रात्री, वाटाण्याएवढे, डॉक्टरांच्या सल्ल्याने. पहिले काही आठवडे कातडी लाल होते, सोलते. फरक दिसायला महिने लागतात. दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल, तर अजिबात नाही.

आता ती ट्यूब. भगिनी, खोके उलटून घटकांची नावे वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे असेल, तर ते स्टेरॉइड आहे. महिनाभरात चेहरा उजळतो तो यानेच. पण तेच औषध पुढे कातडी पातळ करते, म्हणजे तुम्हाला जे टाळायचे तेच घडवून आणते. बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतात, लव वाढते, उन्हात गेले की आग होते. अशा अनेक मलमांची चिठ्ठीवाचून विक्री सरकारने २०१८ मध्ये बंद केली. तरी ती हातोहात फिरतातच, शेजारणीच्या प्रेमापोटी.

मात्र एकदम थांबवू नका. थांबवले की चेहरा भडकतो, बाई घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणते आणि वर्षे जातात. खोके पिशवीत घालून नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू सोडवतील. लाजू नका, त्यांच्याकडे अशा ट्यूबा रोज येतात.

लग्नापर्यंत गळा घट्ट होणार नाही, हे खरे सांगते. आजपासून छत्री आणि रात्री साधे तेल, एवढे करा. शेजारणीलाही डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा, कारण तीही तीच ट्यूब लावत असेल.